जमिनीच्या वाटण्या आणि नात्यांच्या कादंबऱ्या

१८८७ साली अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला. डॉज कायदा या नावाने तो ओळखला जातो. आदिवासी जमातींची सामाईक जमीन मोडायची आणि माणसागणिक वाटून द्यायची, हा त्याचा हेतू. वाटणीचं माप कायद्यातच ठरवून दिलं होतं: कुटुंबप्रमुखाला १६० एकर, अठरा वर्षांवरच्या अविवाहित माणसाला ८० एकर, लहान मुलाला ४० एकर. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मूळ कायद्यात काहीच नव्हतं. चार वर्षांनी दुरुस्ती होऊन सगळ्यांचा वाटा सारखा झाला, पण घर म्हणजे काय हे तोवर सरकारने ठरवून टाकलं होतं. सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढतं आणि कुणाचं चढत नाही यावर घरातल्या माणसाचं बळ कसं ठरतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी क्वीअर लेखकांच्या कथा-कादंबऱ्या वाचायला घेताना सुरुवात या कायद्यापासून करावी, असं मला वाटतं. एरवी ही पुस्तकं ओळखीच्या गोष्टी म्हणून वाचली जातात. एखाद्या मुलाला आपण वेगळे आहोत हे उमगतं, घरचे तोंड फिरवतात, शहर आसरा देतं, अखेर तो स्वतःला स्वीकारतो, अशी त्यांची वाट गृहीत धरली जाते. या लेखकांची पुस्तकं त्या वाटेने जात नाहीत, कारण त्यांच्यामागचा इतिहास निराळा आहे. तिथे आधी कुटुंबच कायद्याने छाटून लहान केलं गेलं, आणि मग काही माणसं त्यात मावेनाशी झाली. या कादंबऱ्या त्या छाटणीचा इतिहास सांगतात. इतिहास म्हणून वाचल्या तरच त्यांचं मोल कळतं.

छाटणीच्या आधी काय होतं, याबद्दल जपूनच बोललं पाहिजे. उत्तर अमेरिकेत शेकडो जमाती होत्या, त्यांच्या भाषा वेगळ्या, रीती वेगळ्या. सगळीकडे एकच प्रथा होती असं म्हणणं चूक ठरेल. पण पुष्कळ जमातींत स्त्री आणि पुरुष या दोन जागांखेरीज आणखी एखादी जागा होती, तिला स्वतःचं नाव होतं आणि तिच्याशी जोडलेली कामं होती. आजच्या न्यू मेक्सिकोतल्या झूनी लोकांत वेवा नावाच्या व्यक्तीचं उदाहरण सगळ्यांत नीट नोंदलेलं आहे. वेवांचा जन्म १८४९ च्या सुमाराचा. पुरुषदेह, वेश बाईचा, आणि हातात विणकाम व कुंभारकाम या दोन्हींचं असाधारण कसब. झूनी भाषेत अशा माणसाला ‘ल्हमाना’ म्हणत. मटिल्डा स्टीव्हनसन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंशी वेवांची ओळख झाली आणि १८८६ साली त्या वेवांना वॉशिंग्टनला घेऊन गेल्या. काही महिन्यांच्या त्या मुक्कामात वेवांनी स्मिथसोनियन संस्थेत माग मांडून विणून दाखवलं आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांची भेट घेतली. राजधानीतली मंडळी त्यांना झूनी राजकन्या समजत होती. १८९६ साली वेवा वारल्या. ‘ल्हमाना’ म्हणजे नेमकं काय, यावर पुढे विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. स्टीव्हनसनबाईंच्या १९०४ साली छापलेल्या मोठ्या अहवालात मात्र एक वेगळी गोष्टही हाती लागते: या मरणाने गाव किती हळहळलं ती. बाहेरच्या माणसाला पडलेला प्रश्न होता, हे कोण? गावाला तो पडलाच नव्हता. वेवा कुणाच्या घरातल्या, कुणाच्या नात्यातल्या, सणाला कोणतं काम त्यांच्याशिवाय अडतं, हे गावाला ठाऊक होतं.

बाहेरून आलेल्यांच्या नोंदी बहुतेक अशाच आहेत, आणि काही याहून फार भयंकर आहेत. १५१३ साली पनामातून जाताना बाल्बोआ या स्पॅनिश सरदाराने बाईच्या वेशातल्या पुरुषांवर शिकारी कुत्रे सोडले. युरोपात त्या प्रसंगाचं चित्र कोरून छापलं गेलं आणि ते अजून पुस्तकांतून फिरतं आहे. मारल्या गेलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव कुणी लिहून ठेवलं नाही. दफ्तरात अशी माणसं भेटतात ती कुणीतरी त्यांना मारताना, पकडताना किंवा मोजताना. म्हणूनच क्रो जमातीची एक हकिकत मला फार मोलाची वाटते. ऑश-टिश हे क्रो लोकांतलं मोठं नाव, १८५४ च्या सुमाराचा जन्म. पुरुषदेह आणि बाईचा वेश अशा व्यक्तींना क्रो भाषेत ‘बाटे’ म्हणत. चामड्याचं शिवणकाम आणि तंबू बनवणं यांत ऑश-टिश यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि १८७६ च्या रोजबडच्या लढाईत लढून त्यांनी नावही कमावलं होतं. १८९० च्या दशकात तिथल्या सरकारी एजंटाने बाटे मंडळींना कोठडीत घातलं, त्यांचे केस कापले, पुरुषी कपडे चढवायला लावले, झाडं लावण्याच्या मजुरीला जुंपलं. तेव्हा प्रिटी ईगल हे क्रो मुखिया कचेरीत आले आणि त्यांनी एजंटालाच मुलूख सोडून जायला सांगितलं. जमातीचे इतिहासकार जो मेडिसिन क्रो यांच्या तोंडून ही हकिकत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका संशोधकाने टिपून घेतली, तोवर ती क्रो घरांमधूनच चालत आली होती. केस कापण्याची बाजू सरकारी माणसाची. मुखियाचा संताप घरच्यांनी जपला.

एजंटाची कात्री, डॉज कायद्याची मोजणी आणि मुलांच्या निवासी शाळा हे एकाच कामाचे तीन हात होते. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या कार्लाइल शाळेचा नमुना सगळीकडे गेला: मूल आईबापांपासून तोडायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, बोली सोडवायची, मुलगे एका इमारतीत आणि मुली दुसऱ्या इमारतीत. कॅनडात अशा शाळांमधून सुमारे दीड लाख मुलं गेली आणि शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मुलगा आणि मुलगी या दोनच रांगा असलेल्या दारातून आत जाताना तिसऱ्या कुणाला उभं राहायला जागाच नव्हती. तिकडे १८८७ मध्ये जमातींकडे असलेली सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. मावश्या, आत्या, आज्या, मानलेले भाऊ आणि लग्न न केलेली माणसं यांनी भरलेलं घर सामाईक जमिनीवर उभं राहू शकत होतं, मोजून दिलेल्या तुकड्यावर नाही. याच काळात हिंदुस्थानात काय चाललं होतं हेही इथे आठवावं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजडा समाजाविरुद्ध होता. नोंदवही ठेवा, बाईच्या वेशात रस्त्यावर दिसल्यास शिक्षा करा, हे त्यात होतंच. शिवाय नोंद झालेल्या माणसाला दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही, असंही त्यात लिहिलं होतं. वेशावरचा राग सहज दिसतो. वारसा आणि नातं तोडण्याची कलमं शोधून वाचावी लागतात, आणि घर उठवण्याचं खरं काम त्या कलमांनी केलं.

यानंतरची अनेक दशकं छापील जगात शांतता आहे. लिन रिग्ज हे चेरोकी नाटककार समलिंगी होते, पण ते त्यांनी हयातभर आडोशाला ठेवलं. त्यांच्या ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ या नाटकावरून १९४३ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ हे गाजलेलं संगीत नाटक झालं, आणि आदिवासींच्याच मुलखात घडणाऱ्या त्या नाटकातून आदिवासी दिसेनासे झाले. १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोत बार्बरा कॅमेरॉन आणि रँडी बर्न्स यांनी समलिंगी आदिवासींची पहिली संघटना उभी केली. त्याच सुमारास मोहॉक कवी मॉरिस केनी यांनी या विषयावर पहिला मोठा निबंध छापला. १९९० मध्ये विनिपेगच्या मेळाव्यात आदिवासी क्वीअर माणसांसाठी ‘टू-स्पिरिट’ हे नाव स्वीकारलं गेलं. पण माझ्या मते या साहित्याची खरी पायाभरणी केली ती बेथ ब्रँट यांनी. मोहॉक घराण्यातल्या आणि डेट्रॉइटच्या या बाई चाळिशीला आल्यावर लिहू लागल्या. १९८३ मध्ये त्यांनी संपादित केलेला ‘अ गॅदरिंग ऑफ स्पिरिट’ हा आदिवासी बाईने संपादित केलेला आदिवासी बायकांच्या लेखनाचा पहिला संग्रह, आणि त्यात तुरुंगातल्या बायकांचंही लेखन होतं. त्यांची ‘अ लाँग स्टोरी’ ही कथा १९८५ च्या ‘मोहॉक ट्रेल’ या पुस्तकात आहे. तिच्यात दोन आया आळीपाळीने बोलतात. एक १८९० सालची, जिची मुलं आगगाडीत बसवून शाळेत नेली आहेत. दुसरी १९७८ ची, जिचं एका बाईवर प्रेम आहे म्हणून तिची मुलगी नवऱ्याच्या ताब्यात गेली आहे. दोघींमध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचं अंतर आहे, तरी कथा त्यांना एका ओळीत बसवते. इथे कुणाला आपण कोण हा प्रश्न छळत नाही. दुसऱ्या आईला आपलं प्रेम पक्कं ठाऊक आहे, जोडीदारीण घरात आहे. दुखतं ते मूल नेल्याचं, आणि ते नेणारं सरकार तेच आहे. एका शतकाच्या कायदेकानूंचं सार ब्रँट यांनी थोड्या पानांत बांधलं. ते इतकं नेमकं मांडणारा इतिहासग्रंथ त्या वेळी नव्हता.

टॉमसन हायवे या क्री लेखकाची ‘किस ऑफ द फर क्वीन’ ही १९९८ ची कादंबरी याच शाळेच्या दारातून आत जाते. उत्तर मॅनिटोबातले दोन भाऊ निवासी शाळेत जातात. तिथे त्यांचे केस उतरवले जातात, चँपियनचा जेरेमाया होतो आणि ऊनीमीटूचा गॅब्रिएल. पाद्री दोघांवरही अत्याचार करतो. पुढे एक पियानोवादक होतो, दुसरा नर्तक, आणि नर्तक भाऊ एड्सने जातो. हायवे यांचे सख्खे भाऊ, नर्तक रने हायवे, १९९० साली याच आजाराने गेले. अत्याचारामुळे मुलगा समलिंगी झाला, असा सोपा आणि घातक निष्कर्ष काढायला इथे वाचक मोकळा होता. हायवे तो काढू देत नाहीत. अत्याचार दोघांवर होतो, पुरुषांवर प्रेम एकच करतो. शाळेने मोडलेलं काय असेल तर ते दोघा भावांमधलं बोलणं. वर्षानुवर्षं एकमेकांना सांगता न आलेली एक गोष्ट त्यांच्यामध्ये पडून राहते, आणि कादंबरीचा सगळा जोर त्या बोलण्याची वाट पुन्हा मोकळी करण्यावर आहे. २००१ च्या ‘ड्राउनिंग इन फायर’मध्ये मस्कोगी क्रीक लेखक क्रेग वोमॅक यांनी याच्यापुढे जाऊन वाटण्यांनाच हात घातला. डॉज कायद्यातून सुरुवातीला वगळलेल्या क्रीक आणि इतर चार जमातींना १८९८ च्या कर्टिस कायद्याने पकडलं, आणि १९०७ मध्ये त्यांच्या मुलखावर ओक्लाहोमा राज्य उभं राहिलं. चिट्टो हार्जो यांच्यामागे उभं राहून क्रीक लोकांनी वाटणीला जो विरोध केला तो इतिहासात आहे. वोमॅक यांनी त्या विरोधकांमध्ये टार्बी आणि सीबोर्न हे दोन पुरुष आणून बसवले, जे जोडीने राहतात. आणि ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जॉश या मुलापर्यंत पोचते ती त्याच्या ल्यूसी आत्याच्या बोलण्यातून. चर्चमध्ये ऐकलेल्या नरकाच्या भीतीने गुदमरलेल्या मुलाला आत्या उपदेश करत नाही. ती जुन्या गोष्टी सांगत राहते, आणि त्या गोष्टींत त्याच्यासारखी माणसं जमिनीसाठी लढताना दिसतात.

इथे इतिहासाचा अभ्यासक अडवणारच. टार्बी आणि सीबोर्न लेखकाने रचलेले आहेत, कुठल्याही दफ्तरात ते नाहीत. मग त्यांना पुरावा कसं म्हणायचं? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. १९०० साली क्रीक मुलखात अमुक एक जोडपं राहत होतं, याचा पुरावा ही कादंबरी नाही. पण ती दुसऱ्या एका गोष्टीचा पुरावा आहे: या समाजांत आठवण कोणत्या वाटेने चालत येते आणि ती वाट कुठे तुटली. क्रो मुखियाची हकिकत सरकारी कागदात नसून तोंडी टिकली, आणि आज आपण तिला इतिहास मानतो. ल्यूसी आत्याचं बोलणं त्याच जातीचं आहे. ते टिकण्यासाठी आत्या घरात असावी लागते, मूल तिच्या मांडीशी असावं लागतं आणि दोघांची भाषा एक असावी लागते. शाळांनी आणि वाटण्यांनी नेमकं हेच मोडलं. दफ्तर गप्प आहे म्हणून कादंबरीकारानेही गप्प बसावं असं म्हणणं म्हणजे ज्यांनी दफ्तर लिहिलं त्यांनाच शेवटचा शब्द देणं. ब्रँट यांनी आपल्या एका कथेत मोहॉक लोकांची आभाळातून आलेल्या बाईची उत्पत्तिकथा दोन बायकांच्या प्रेमाची कथा म्हणून सांगितली आणि तिला ‘धिस इज हिस्टरी’ असं नाव दिलं. हा दावा मोठा आहे, पण तो लपवून केलेला नाही. कथा कथा म्हणूनच समोर येते.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. नात्यांचं इतकं कौतुक कशाला, नातेवाईकच तर दार लावतात. २००४ साली चेरोकी राष्ट्रात दोन बायकांनी लग्नाचा परवाना घेतला, तेव्हा जमातीच्याच कौन्सिलने लग्न फक्त स्त्री-पुरुषांत होतं असा कायदा केला. २००५ मध्ये नवाहो कौन्सिलने तसंच केलं. अध्यक्ष जो शर्ली यांनी नकाराधिकार वापरला, तर कौन्सिलने तो बहुमताने उलथवला. बंदी घालणाऱ्यांनी परंपरेचं नाव घेतलं, आणि नवाहो परंपरेत ‘नाडले’ नावाची जागा होती हे माहीत असणारेही तिथे होते. म्हणजे जुना काळ सोन्याचा आणि सगळा दोष गोऱ्यांचा, हे चित्र चालणार नाही. प्रथेत जागा मिळाली म्हणजे सुख मिळालं असंही नाही. राजन गवस यांची ‘भंडारभोग’ वाचलेल्या मराठी वाचकाला हे माहीत आहे: देवीच्या नावाने जोगता झालेल्या माणसापुढे लोक हात जोडतात, आणि त्याच माणसाच्या आयुष्याची परवडही होते. पण हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही, उलट त्याला आधार देतो. चेरोकी आणि नवाहो कौन्सिलांनी लग्नाची जी व्याख्या उचलली ती शंभर वर्षांपूर्वीच्या वाटणीच्या कायद्यातल्या कुटुंबाशी तंतोतंत जुळते. शाळेत शिकवलेलं घर आता जमातीचं घर म्हणून उभं आहे. या लेखकांना हे पुरतं ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या कादंबऱ्यांत घरचे देवमाणसं नसतात. हायवे यांच्या कादंबरीतले आईवडील श्रद्धाळू कॅथलिक आहेत, मुलांवर जीव टाकणारे आहेत आणि शाळेत काय घडलं ते ऐकण्याच्या पलीकडे आहेत. त्यांच्याविषयीचा जिव्हाळा आणि राग कादंबरी एकत्र वागवते. आणि कौन्सिलांचा शब्दही शेवटचा नव्हता: २०१६ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या महाधिवक्त्यांनी २००४ ची ती लग्नबंदी घटनाबाह्य ठरवली, आणि हे जमातीच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेऊन झालं.

आणखी एक शंका क्वीअर वाचकांकडून येऊ शकते. नातं, जमीन, जमात असं म्हणत गेलं की देह आणि वासना मागे पडतात, आणि आदिवासी क्वीअर माणूस पुन्हा एक सोज्वळ प्रतीक होऊन बसतो. ही भीती रास्त आहे, आणि जोशुआ व्हाइटहेड यांची ‘जॉनी अ‍ॅपलसीड’ ही २०१८ ची कादंबरी तिला चोख उत्तर देते. व्हाइटहेड मॅनिटोबातल्या पेगिस फर्स्ट नेशनचे ओजी-क्री. याच वर्षी त्यांच्या कवितासंग्रहाला ट्रान्स कवितेच्या विभागात लॅम्डा पुरस्काराचं नामांकन मिळालं, तेव्हा आपण टू-स्पिरिट आहोत, ही जागा ट्रान्स लेखकांची आहे, असं सांगून त्यांनी ते नाकारलं. बाहेरच्या खणात बसायला ठाम नकार देणारा हा लेखक देहाबद्दल लिहिताना जराही संकोचत नाही. त्याचा जॉनी विनिपेगमध्ये राहतो, इंटरनेटवर कॅमेऱ्यासमोर गिऱ्हाइकांची लैंगिक करमणूक करून पोट भरतो, टायस नावाच्या बालमित्रावर त्याचं प्रेम आहे आणि टायसची एक मैत्रीणही आहे. सावत्र बाप वारल्याचं कळतं, अंत्यविधीसाठी रिझर्व्हवर, म्हणजे जमातीच्या राखीव वस्तीत, पोचायला हाताशी आठवडा आहे आणि भाड्याला पैसे नाहीत. मग तो काम वाढवतो. गिऱ्हाइकांना सिनेमातला इंडियन हवा असतो, तो त्यांना तो देतो. विकत घेणाऱ्याला जी ओळख हवी आहे ती विकून जॉनी ज्या घरी जायचा आहे, तिथे आई आहे आणि आजीच्या आठवणी आहेत. त्याच्या वेगळेपणाला सगळ्यात आधी ज्या माणसाने जागा दिली ते माणूस म्हणजे ही आजी. तिच्या बोलण्याचे, स्वयंपाकाचे, चिडवण्याचे तुकडे कादंबरीभर पसरले आहेत, आणि जॉनीचं शरीरसुख व ही माया यांच्यामध्ये लेखकाने कुठेही भिंत घातलेली नाही. २०२१ मध्ये ‘कॅनडा रीड्स’ या देशव्यापी स्पर्धेत मोहॉक अभिनेत्री डेव्हरी जेकब्स यांनी ही कादंबरी मांडली आणि ती जिंकली. ती जिंकल्यावर हजारो बिगर-आदिवासी वाचकांच्या हाती गेली, म्हणजे जॉनीच्या गिऱ्हाइकांना जसा ठरावीक इंडियन हवा असतो तशीच अपेक्षा घेऊन येणारे पुष्कळ जण तिच्यापाशी पोचले असणार. व्हाइटहेड त्यांची अपेक्षा पुरवत नाहीत. जुन्या काळातला पूज्य टू-स्पिरिट पुरुष किंवा स्त्री या कादंबरीत भेटत नाही. भेटतो तो भाड्याचे पैसे मोजणारा एक तरुण, आणि ते पैसे त्याला कुणाकडे जाण्यासाठी हवे आहेत याचा पूर्ण हिशोब.